‘पूर्वी सगळीकडे असंच होतं’ म्हणे!

‘पूर्वी सगळीकडे असंच होतं.’ या एका वाक्याचा मला मनापासून राग आहे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पण मागच्या बाकावरच्या पोरानेही इतकं आळशी उत्तर कधी लिहिलं नाही. हे वाक्य कधी ऐकू येतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. कुणाच्या आजीचं लग्न नवव्या वर्षी झालं, कुणाची पणजी अकराव्या वर्षी नांदायला गेली, असा विषय निघतो. क्षणभर सगळे गप्प होतात. मग कुणीतरी वडीलधारं माणूस खाकरून म्हणतं, "अहो, त्या काळी जगभर तसंच होतं. इंग्लंडात नव्हतं का? शेक्सपियरची ज्युलिएट केवढीशी होती?" झालं! ज्युलिएटचं नाव निघालं की विषय मिटतो. माना डोलतात, चहा येतो.

मला तो विषय मिटू द्यायचा नाही. कारण हे वाक्य खोटं आहे, आणि ते माझ्या मताने खोटं नाही, हिशेबाने खोटं आहे. हा हिशेब इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांच्या चर्चमध्ये ठेवलेल्या लग्नाच्या नोंदवह्यांतून निघाला आहे. राजेरजवाड्यांच्या नव्हे, शेतकरी, सालदार गडी, दूधदुभतं बघणाऱ्या मोलकरणी, विणकर, यांच्या लग्नांच्या वह्या. निवृत्तीनंतर या विषयावरचं जे हाती लागेल ते शब्दकोश शेजारी ठेवून वाचत आले. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई मी, इंग्रजी सावकाश जातं. पण जातं!

आधी ज्युलिएटचा निकाल लावू. नाटकात तिला चौदावं वर्ष पुरं व्हायचं आहे, हे खरं. पण ती व्हेरोनाच्या श्रीमंत घराण्यातली, आणि मुळात कल्पनेतली. तिला रंगवणाऱ्या शेक्सपियरने स्वतः काय केलं? नोव्हेंबर १५८२ मध्ये त्याचं लग्न ठरलं तेव्हा तो १८ वर्षांचा होता आणि अ‍ॅन हॅथवे साधारण २६ वर्षांची. ती स्ट्रॅटफर्डजवळच्या शॉटरी वस्तीतली, शेतकऱ्याची मुलगी. लग्नाच्या वेळी तिला दिवस गेलेले होते; पुढच्या मे महिन्यात मुलीचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद स्ट्रॅटफर्डच्या वहीत आहे. अ‍ॅनच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याची नोंद मात्र सापडत नाही, कारण ती वही सुरू होते १५५८ पासून आणि अ‍ॅन त्याच्या आधी जन्मलेली. तिचं वय कळतं ते तिच्या थडग्यावरच्या लेखावरून. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी गप्पांत ज्युलिएट आली तर तिच्या शेजारी अ‍ॅनलाही पाट मांडा.

आता या वह्यांची कुळकथा सांगते. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याने एक वही ठेवावी, आणि आठवड्यात झालेली लग्नं, बाप्तिस्मे आणि दफनं दर रविवारी तीत लिहावीत. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव आणि त्याच्या वाड्यावस्त्या, असं समजा. वही पेटीत ठेवायची, पेटीला दोन कुलपं, एक किल्ली पाद्र्याकडे आणि दुसरी चर्चचा कारभार बघणाऱ्या वॉर्डनांकडे. लोकांना काय वाटलं असेल? डेव्हन-कॉर्नवॉलकडे कुजबुज सुरू झाली की हा नवीन कर बसवायचा डाव आहे! भीती अगदीच चुकीची नव्हती, फक्त अडीचशे वर्षं आधी आली. १७८३ मध्ये प्रत्येक नोंदीवर खरोखरच ३ पेन्स कर बसला आणि १७९४ पर्यंत चालला.

सुरुवातीच्या वह्या कागदी होत्या. एलिझाबेथ राणीच्या अखेरच्या वर्षांत हुकूम झाला की जुन्या नोंदी टिकाऊ चर्मपत्रावर उतरवून काढा, निदान राणी गादीवर आली तेव्हापासूनच्या तरी. काही पाद्र्यांनी ‘निदान’ हा शब्द बरोबर पकडला आणि मागची वर्षं सोडून दिली. म्हणून पुष्कळ गावांच्या वह्या १५५८ पासूनच मिळतात. सरकारी परिपत्रकातला एक शब्द वीस वर्षांची माणसं कशी पुसून टाकतो बघा.

पुढे १७५३ मध्ये लॉर्ड हार्डविकचा विवाह कायदा झाला आणि मार्च १७५४ पासून लागू झाला. चोरून लावलेली लग्नं बंद व्हावीत हा हेतू. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये जाहीर पुकारा करायचा, नाहीतर परवाना घ्यायचा. लग्न चर्चमध्येच लावायचं. वहीत वर, वधू, दोन साक्षीदार आणि पाद्री यांनी सह्या करायच्या. क्वेकर आणि ज्यू यांना यातून सूट होती, कॅथलिकांना नव्हती. १८३७ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली आणि वहीत ठरावीक रकाने आले. या रकान्यांकडे मी पुढे येणारच आहे. माझं खरं भांडण रकान्यांशीच आहे.

आता चला कॉलिटनला. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगणा, त्याच्या पूर्व टोकाला हे गाव. शेती आणि दूधदुभत्याचा मुलूख, जोडीला लोकरीचं विणकाम आणि बायकांच्या हातचं लेसकाम. या गावाचं वैशिष्ट्य एवढंच की त्याच्या वह्या १५३८ पासून १८३७ पर्यंत, तीनशे वर्षं, जवळजवळ सलग टिकल्या. १९६०च्या दशकात केंब्रिजचे ई. ए. रिगली यांनी त्या हाती घेतल्या.

इथे तुमच्यापैकी कुणीतरी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की जुन्या नोंदीत वय लिहिलेलं नसताना लग्नाचं वय कळलं कसं? बरोबर आहे. जुनी नोंद म्हणजे फक्त तारीख आणि दोन नावं. यावर लुई आंरी नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने तोडगा काढला होता. प्रत्येक कुटुंबाला एक फॉर्म. बाप्तिस्म्याच्या वहीतून मुलीचं नाव उचलायचं, तेच नाव लग्नाच्या वहीत शोधायचं, मग तिच्या मुलांचे बाप्तिस्मे, मग तिचं दफन. दोन तारखांची वजाबाकी केली की वय आलं. तिसरीच्या मुलाला येईल असं गणित, पण हजारो चिठ्ठ्या आणि वर्षानुवर्षांची चिकाटी लागते.

गणिताचं उत्तर ऐका. १५६० ते १६४६ या काळात कॉलिटनमध्ये मुलींच्या पहिल्या लग्नाचं सरासरी वय निघालं २७. १६४५-४६ मध्ये प्लेगने गाव धुऊन नेलं, त्यानंतर १६४७ ते १७१९ या काळात ते वय चढून २९.६ झालं. म्हणजे जवळपास तीस! त्या काळात सरासरीने वधू वरापेक्षा वयाने मोठी होती. १७७० नंतर वय उतरलं. इकडे शिवाजी महाराजांचा काळ, संभाजी महाराजांचा काळ, पुढे पेशवाई; आणि तिकडे एका आडगावातली गवळ्याची पोर पंचविशी-तिशीला लग्नाला उभी राहत होती.

एका गावावरून जगाचा निकाल देऊ नये, हे मीच मुलांना शिकवत आले. म्हणून पुढचं सांगते. रिगली आणि रॉजर स्कोफील्ड यांनी १९८१ मध्ये इंग्लंडच्या लोकसंख्येचा इतिहास प्रसिद्ध केला, तो ४०४ पॅरिशच्या वह्यांवर उभा आहे. आणि त्या वह्यांतल्या नोंदी मोजल्या कुणी? गावोगावच्या हौशी लोकांनी, संध्याकाळी काम संपल्यावर, बिनपगारी. लग्नाच्या वयाचा कुटुंबवार हिशेब थोड्याच गावांचा होऊ शकला, पण सूर सगळीकडे तोच लागला. सतराव्या शतकात सर्वसाधारणपणे पुरुषाचं पहिलं लग्न २७-२८व्या वर्षी, बाईचं २५-२६व्या वर्षी. बारा-तेरा वर्षांची लग्नं उमरावांच्या घरात सापडतात. सातव्या हेन्रीची आई मार्गारेट बोफर्ट हिचं १४५५ मध्ये बाराव्या वर्षी लग्न झालं आणि तेराव्या वर्षी ती बाळंत झाली. पण ते जमीनजुमल्याचे आणि गादीचे सौदे. नांगर धरणाऱ्यांच्या घरात तसं काही दिसत नाही.

आता खरी गंमत. कायदा काय म्हणत होता? इंग्लंडात मुलगी १२ वर्षांची आणि मुलगा १४ वर्षांचा झाला की लग्न कायदेशीर होतं, आणि हे थेट १९२९ पर्यंत! त्या वर्षी किमान वय दोघांनाही १६ झालं. त्याच १९२९ मध्ये आपल्याकडे सारडा कायदा झाला, मुलगी १४ आणि मुलगा १८. म्हणजे नुसती कायद्याची पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली तर ‘सगळीकडे असंच होतं’ असंच वाटेल. वह्या उघडल्या की कळतं, तिकडे कायद्याने बाराव्या वर्षी दार उघडं ठेवलेलं होतं, पण त्या दारातून शेतकऱ्याची लेक आत जात नव्हती.

का जात नव्हती? इथे दुसऱ्या टोकाची मंडळी जागी होतात. "साहेब मुळातच शहाणा, पुढारलेला!" त्यांनाही आज सोडणार नाही. शहाणपणाचा यात काडीचा संबंध नव्हता. तिकडची रीत अशी की लग्न झालं की वेगळी चूल मांडायची. नवरीने सासू-सासऱ्यांच्या घरात येऊन राहायचं नाही. जोडप्याने आपलं घर, आपली भांडीकुंडी जमवायची आणि मगच लग्न करायचं. ती जमवायला पैसा हवा. म्हणून चौदा-पंधराव्या वर्षी मुलगा आणि मुलगीही दुसऱ्या शेतकऱ्याकडे सालाने कामाला राहत. अ‍ॅन कुसमॉल या बाईंनी दाखवलं आहे की १५ ते २४ वयाच्या तरुणांपैकी सुमारे ६० टक्के असे कुणाच्या तरी घरी चाकरीला होते. जेवणखाण आणि निजायला जागा मालकाची, मजुरी सालाच्या अखेरीला, आणि अट एकच की बिनलग्नाचं राहायचं. दहा वर्षं अशी मालक बदलत काढली की चार पैसे गाठीला लागत. तोवर पंचविशी येणारच.

त्या वह्यांत हे सगळं महिन्यांच्या आकड्यांतूनही दिसतं. धान्याच्या मुलखात लग्नं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दाटीने येतात, कारण कापणी उरकली, साल संपलं, मजुरी हातात आली. गुरामेंढरांच्या मुलखात ती वसंतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात, कारण वासरं-कोकरं मोठी झाली. कुसमॉलबाईंनी तर लग्नाच्या महिन्यांवरून कुठल्या गावात कधी शेती बदलली याचा माग काढला. आपल्याकडे तुळशीचं लग्न झाल्याशिवाय मुहूर्त निघत नाहीत, त्यामागेही खरिपाची सुगी उभी असतेच की.

तेव्हा साहेबभक्तांनो, वह्या पुन्हा उघडा. १७५४ नंतरच्या पानांवर सह्या बघा. सहीच्या जागी फुली असते, आणि पाद्र्याने शेजारी लिहिलेलं असतं की ही अमकीची खूण. १८४१ मध्येसुद्धा लग्न करणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश पुरुष आणि जवळजवळ निम्म्या बायका फुलीच मारत होत्या. आणि १८३७ नंतरचे रकाने बघा. नाव, वय, वराचा धंदा, राहण्याचं ठिकाण, बापाचं नाव, बापाचा धंदा. वयाच्या जागी पुष्कळदा नुसतं ‘सज्ञान’, म्हणजे २१ पूर्ण, पुढचं तुम्ही समजून घ्या. वधूच्या धंद्यासमोर बहुतेक वेळा नुसती रेघ. पहाटे उठून दूध काढणारी, लोणी घुसळणारी, दहा वर्षं परक्या घरी राबलेली बाई, आणि तिच्या कामाच्या जागी रेघ! बाप माहीत नसेल त्या लेकराच्या बापाच्या रकान्यातही रेघ, म्हणजे लग्नाच्या दिवशीसुद्धा डाग दाखवायची सोय. आणि आई? आईला रकानाच नाही! इंग्लंड आणि वेल्समध्ये लग्नाच्या नोंदीत आईचं नाव यायला ४ मे २०२१ उजाडावं लागलं. १८३७ पासून मोजा, १८४ वर्षं होतात. त्यातली साठहून जास्त वर्षं गादीवर व्हिक्टोरिया राणी होती आणि सत्तरच्या आसपास दुसरी एलिझाबेथ. राणी चालते, आईला रकाना नाही.

आणखी एक. वही जबरदस्ती सांगत नाही. नॉर्फोकमधल्या एका खेड्याचे पाद्री जेम्स वुडफर्ड यांची रोजनिशी प्रसिद्ध आहे. १७८७ मध्ये त्यांनी शेजारच्या गावी एक लग्न लावलं, तेव्हा वधू गरोदर होती आणि वर चक्क पहाऱ्यात होता, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. गरिबांना पोसायचा खर्च पॅरिशवर पडे, म्हणून गावातल्या कारभाऱ्यांना अशी लग्नं घाईने उरकण्यात रस असे. लग्नाच्या वहीत अशी नोंद इतर नोंदींसारखीच दिसते. लग्नानंतर सात-आठ महिन्यांत बाप्तिस्मा झालेली पहिली मुलं तर या वह्यांत थोडीथोडकी नाहीत. त्यातली किती प्रेमाची आणि किती पहाऱ्यातली, ते वही कधीच सांगणार नाही.

म्हणजे माझा पक्ष कुठला? सांगते. ‘सगळीकडे असंच होतं’ हे खोटं, आणि ‘ते लोक मुळातच थोर’ हेही खोटं. दोन्ही वाक्यं एकाच आळसातून येतात. दोन्ही वाक्यांनी एक सोय होते, की कुणीही काहीही ठरवलं नव्हतं, काळच तसा होता किंवा रक्तच तसं होतं, असं म्हणून मोकळं होता येतं. वह्या मात्र सांगतात की लग्नाचं वय आकाशातून पडत नाही. घर कुणाचं, मजुरी कुणाच्या हातात, चाकरीची अट काय, यावर ते ठरतं. म्हणजेच ते माणसं ठरवतात. आणि माणसांनी ठरवलेल्या गोष्टीचा जाब विचारता येतो.

आपल्याकडे तरी तो विचारला गेला नव्हता का? रखमाबाईंनी लहानपणी लावलेलं लग्न मान्य करायला नकार दिला आणि १८८४ पासून मुंबईच्या कोर्टात त्यांचा खटला उभा महाराष्ट्र बघत होता. देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९चं. म्हाताऱ्याच्या गळ्यात पोर बांधणं वाईट, हे पुढे थिएटर भरभरून लोकांनी पाहिलं. ‘त्या काळी कुणाला कळत नव्हतं’ असं कृपा करून म्हणू नका. कळत होतं. कळूनही चालू होतं.

यावर हुशार वाचकांचे आक्षेप येणार, ते आधीच घेते. एक, पाद्री लिहितील ते खरं कशावरून? रास्त शंका. खेड्यात नोकरी केलेल्या कुठल्याही मास्तराला विचारा, शाळेच्या जनरल रजिस्टरात १ जूनला जन्मलेली मुलं किती! अर्धा महाराष्ट्र १ जूनचा आहे. पण कॉलिटनचं वय कुणी अंदाजाने सांगितलेलं नाही, ते दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगवेगळ्या कारणांसाठी लिहिलेल्या नोंदींतून काढलं आहे. सरासरीत दोन-चार महिन्यांचा फरक पडेल, बारा आणि सत्तावीस यांत पंधरा वर्षांचा फरक पडणार नाही. दोन, जे गाव सोडून गेले ते या हिशेबातून निसटतात. खरं आहे. पामेला शार्प यांनी २००२च्या आपल्या पुस्तकात कॉलिटनबद्दल हेच दाखवलं की लेसकाम आणि दूधदुभत्यामुळे बायका गावात राहत, पुरुष बाहेर जात, म्हणून वर कमी पडत आणि वधूंचं वय वाढे. पण बघा, हा आक्षेपसुद्धा शेवटी कामाधंद्याकडेच बोट दाखवतो.

तीन, "तुम्हाला काय करायचंय तिकडच्या वह्यांशी?" हा आक्षेप घरचा आहे, म्हणून घरचंच उत्तर देते.

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. कच्चा मजकूर सगळ्या शाखांना पाठवला आहे. त्यात माझ्या आजीची नोंद एका ओळीची आहे: अमुकची पत्नी, माहेरचं आडनाव, मुलगे तीन. तिला चार मुलीही झाल्या, त्यांतली एक मोठी होऊन संसार करून गेली, बाकीच्या लहानपणीच गेल्या. त्यांतल्या एकीचंही नाव नाही. आजीचं स्वतःचं लग्न नवव्या वर्षी झालं. हे तिनेच मला सांगितलं होतं. लग्नात झोप अनावर झाली म्हणून मामाच्या खांद्यावर निजली होती, हेही. मी लग्नाच्या वेळचं वय हा रकाना सुचवला तर उत्तर आलं की ‘तो नको, उगाच वाचणाऱ्यांचा गैरसमज होतो, पूर्वी सगळीकडे असंच होतं.’

मंडळी, कुणाचा कुणाबद्दल गैरसमज होणार आहे? आणि सगळीकडे असंच असेल तर लिहायला लाज का वाटते?

माझ्या नात्यातल्या सगळ्यांना, जे हे वाचत आहेत आणि जे वाचून मला फोन करणार आहेत, सांगून ठेवते. मला आजोबा-पणजोबांवर खटला भरायचा नाही. नोंद म्हणजे आरोप नव्हे. कॉलिटनच्या पाद्र्याने ज्या बाईची नोंद केली तिच्याबद्दल त्याला काडीचंही ममत्व असेल असं नाही. त्याला हुकूम होता, म्हणून त्याने लिहिलं. पण लिहिलं, म्हणून चारशे वर्षांनी कुणीतरी ती नोंद उचलून विचारू शकलं की बाई, तुझं लग्न झालं तेव्हा तू केवढी होतीस? आपल्याकडे नोंदी नव्हत्या असंही नाही. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या घराण्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नोंदी होत्या, बायकांच्या वयाचा रकाना नव्हता. आणि ज्याला रकाना नाही ते घडलंच नाही, असं पुढच्यांना वाटत राहतं.

हा प्रश्न आजी-पणजीपाशी संपलाय असं समजू नका. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या मुलींपैकी जवळजवळ २२ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांची गोष्ट तर त्या इंग्लिश सालगड्यांच्या बरोबर उलटी आहे. तिकडे बिनलग्नाच्यालाच चाकरी मिळे, म्हणून लग्न लांबत असे. इकडे मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला निम्मीच किंमत, म्हणून पंधरा-सोळाची पोरगी बघून जोडी लावून देतात. आईबाप फडावर, पोर घरी एकटी कशी ठेवायची, ही दुसरी धास्ती. तिथे जाऊन ‘आपली संस्कृतीच अशी’ असं भाषण करणारे आणि ‘हे लोक सुधारणारच नाहीत’ असं म्हणणारे, दोघेही फुकट बोलतात. उचलीची रीत बदला, पोरींच्या राहण्याची सोय करा, वय आपोआप वर सरकेल. हे कॉलिटनच्या वहीने मला शिकवलं.

महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीचं केलं. इंग्लंडने तीन वर्षं आधी लग्नाच्या नोंदीत तिला जागा दिली. दोन सरकारांना जे जमलं ते आमच्या कुलवृत्तांत मंडळाला जमू नये?

तर माझी मागणी लेखी देते, म्हणजे मागाहून ‘आम्हाला कळलं नाही’ असं कुणी म्हणायला नको. प्रत्येक नोंदीत आईचं नाव, तिच्या माहेरच्या नावासकट. सगळ्या मुलींची नावं, जगलेल्या आणि गेलेल्याही. लग्नाच्या वेळी वधूचं आणि वराचं वय. माहीत नसेल तिथे ‘माहीत नाही’ असं स्पष्ट लिहायचं, १ जून करायचा नाही. बाई काय काम करत होती ते. ‘गृहिणी’ हा शब्द नको, शेत, गुरं, पापड, शिकवण्या, जे असेल ते. आणि प्रस्तावनेतलं ‘पूर्वी सगळीकडे असंच होतं’ हे वाक्य काढायचं.

हे मान्य नसेल तर माझ्या शाखेची पानं मी स्वतःच्या खर्चाने वेगळी छापून घेईन. पेन्शन मिळते मला! पहिली नोंद आजीची असेल, आणि तिच्या नावासमोर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं असेल: लग्नाच्या वेळचं वय, ९.